शेरा

मिरचीच्या वखारीमागून तिसरं दार.
दोंडाईच्याला मार्चमध्ये वारासुद्धा तिखट असतो.
शिंकतच मी उंबरा ओलांडला,
तर जमनाबाई गिरासे हसल्या:
"पोलीसले बी ठसका लागस का व माय?"

ठाण्यातून छापील कागद मिळालाय.
एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद.
महिनाअखेर दीडशे भरून हवेत, साहेब म्हणाले.
ही माझी एकशे बारावी.

वय त्यांना सांगता येईना.
"बहात्तरना दुष्काळमा मोठा पोटमा व्हता."
मी हिशेब करून शहात्तर लिहिलं.
तो मोठा आता नाही.
धाकटा सुरतेला, हिऱ्यांना पैलू पाडतो,
दिवाळीला फोन करतो.
नातू असतो अधूनमधून.
अधूनमधूनला रकाना नाही.
एकट्या राहतात का, याच्यापुढे मी हो लिहिलं
आणि पेन जरा वेळ तिथंच ठेवलं.

दाराला आतून कडी. चौकट वाळवीनं खाल्लेली.
कानानं कमी. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
शेजार: एका बाजूला वखार,
दुसऱ्या बाजूला कुलूप, दोन वर्षांपासून.
निराधारचे पैसे पाच तारखेच्या आसपास येतात,
कार्ड नातवाकडे,
आकडेही त्यालाच पाठ.
"मले कथा उमजस ते बटनं?"

अंगावर सोनं?
गळ्यातली पोत त्यांनी चाचपून दाखवली, आहे.
कानात बाळ्या होत्या.
उजवी पाळी खालपर्यंत चिरलेली,
अजून ओली, वर हळद.
"मोरीमा पडनू," म्हणाल्या,
मी विचारायच्या आधीच.

कागदाच्या तळाशी ठळक अक्षरांत सूचना आहे,
ती वाचून दाखवायची असते.
अनोळखी व्यक्तीस दार उघडू नये.
त्या डबा उघडता उघडता थांबल्या.
"अनोळखी कोन येस व मनाकडे?
वळखीनाच येतस."

चौदा वर्षांच्या नोकरीत
मी अशी तीन घरं आतून पाहिली आहेत.
कुलपाला ओरखडा नव्हता एकाही.
एका ठिकाणी तर चहाचे कप
विसळून पालथे घातलेले होते.
पंचनाम्यात लिहितात, ज्ञात-अज्ञात इसम.
अज्ञात शब्द लिहायला सोपा जातो.

पुढचा प्रश्न: कुत्रा पाळला आहे काय?

"व्हता."
अंगणात खुंटी दिसत होती, साखळी नव्हती.
"दूधवालावर भुके ना. मीटरवालावर भुके ना.
मिरचीन्या बाया दिनभर येत जात,
त्या वाटसरूसले बी काही ना."
मग चुलीकडे तोंड करून,
"एकलावरच भुके.
म्हनीसन सोडी दिना नरडाणाले."

कोणावर, ते मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर त्या पुन्हा मोरीत पडल्या असत्या.

कुत्र्यासमोर मी "नाही" लिहिलं.
त्याच्या खाली शेरा, दीड ओळ जागा.
दीडशे कागदांवर ती मी आजवर कोरी सोडत आले,
फार तर, इसम समाधानी.
आज लिहिलं:
कुत्रा होता. तो बरोबर होता.
साहेब म्हणतील, मॅडम, हे काय कविता करता?
म्हणू देत. पाळीबद्दल वेगळा अहवाल देईनच,
त्या सही देणार नाहीत, तरी देईन.

ओट्यावर दोन कप होते.
जमनाबाईंनी तिसरा काढला, पुसला,
पुन्हा आत ठेवला,
पुन्हा काढला.

गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल बंद पडल्यासारखी थांबली.
कमी ऐकणाऱ्या त्या बाईला
माझ्याआधी ऐकू आली.
पदर उजव्या कानावर ओढून घेत,
मी दोन हातांवर बसलेले असताना,
वखारीपर्यंत जाईल अशा आवाजात त्या बोलल्या:
"बठ व माय, बठ,
घाई कसानी शे, आखो चहा टाकस!"

टोपी काढून ठेवली होती, ती मी परत घातली
आणि बसले.
एकशे तेरावी आज होत नाही.